अर्ध्या सेकंदाचं अंतर

बसा, जवळ बसा. आमचा बिरदेव तुम्हाला ठाऊक हाय. माझ्या बहिणीचा मुलगा, शिरूरला असतो. छत्र्या लावायचं काम त्याचं. टीव्हीच्या न्हाईत, त्याहून मोठ्या. पेट्रोल पंपाची, बँकेची माहिती ज्यावरनं वर उपग्रहाला जाते आन् तिकडनं खाली येते, तसल्या. त्यानं हे मला एकदाच सांगितलं. परत विचारलं तर उठून जातो.

गेल्या साली सोळा मे, शुक्रवार. संध्याकाळी वळीव झोडपून गेला. साडेनऊला ऑफिसचा फोन आला. भांडगावच्या पुढं हायवेच्या पंपावर छत्री फिरलीय, सकाळच्या आत लिंक पाहिजे. नको म्हणायचं बिरदेवच्या ओठावर आलं होतं. सहा महिन्यांमागं त्याच पंपाच्या स्लॅबवरनं माऊली पडला होता. माऊली म्हंजी त्याचा जोडीदार, आठ वर्षं एका डब्यात जेवलेला. पडला तो जागीच गेला.

तरी बिरदेव निघाला. न्हावरा, चौफुला करत पंपावर पोचला तर लाईट न्हाई, मोबाईलला रेंज न्हाई. वॉचमन चांगदेवआप्पांनी बॅटरी हातात दिली आन् म्हणाले, "मी वर येत न्हाई बाबा. तवापासनं तो जिना चढलो न्हाई."

वर एक खोली, पुढं उघडा स्लॅब. कठडा न्हाई. छत्री पार कडेला. खोलीत इन्व्हर्टरवर मोडेम चालू होता, पण दिवा लाल. लाल म्हंजी लिंक न्हाई. शेजारी एक फोन. तो फोनसुद्धा छत्रीवरच चालतो. लिंक नसली की मुका.

उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवर, एका जागी टांगल्यासारखा. छत्री बोटभर सरकली तरी नेम चुकतो. बिरदेवनं नट ढिले केले, सिग्नल मोजायचा मीटर गळ्यात अडकवला आन् छत्री केसाकेसानं फिरवायला लागला. तास गेला. मीटर ढिम्म.

एक वाजून दहा मिनिटांनी खोलीतला फोन वाजला.

लागली वाटतं लिंक! बिरदेव धावला, फोन उंबऱ्यापर्यंत ओढला, स्पीकर लावला.

"डावीकडं घे," पलीकडचा माणूस म्हणाला. आवाज घोगरा.

कंट्रोल रूमचे साहेब असतील, बिरदेवला वाटलं. त्यानं छत्री डावीकडं घेतली.

"अजून... बास. आता वर उचल."

मीटर चढायला लागला. बिरदेवला बरं वाटलं. "साहेब, नवीन का तुम्ही?"

"न्हाई."

तिथं त्याचा हात थांबला.

कसं हाय, या फोनवरचं बोलणं वर उपग्रहाला जाऊन खाली येतं. विचारलं की उत्तराला अर्धा सेकंद लागतोच. ते कुणाला चुकलेलं न्हाई. हे उत्तर लगेच आलं. शेजारी बसून दिल्यासारखं.

त्यानं खोलीत बघितलं. मोडेमचा दिवा... लाल.

"कोण बोलतंय?"

"त्या दिवशी तुझी पाळी हुती ना रं, बिऱ्या?"

बिऱ्या. या नावानं त्याला एकच माणूस हाक मारायचा.

त्यानं छत्री सोडली. तो खाली बसला. सहा महिने जे कुणाला बोलला नव्हता, ते आपसूक तोंडातनं आलं.

"व्हय... ताप न्हवता मला. मेव्हणीच्या लग्नाला गेलतो. खोटं बोललो तुला, माऊली."

वारा गप्प.

मग छत्रीला हात न लावताच दिवा हिरवा झाला. फोनमधनं कंट्रोल रूमची बाई बोलली, "हॅलो, भांडगाव? तुमची लिंक आत्ता दिसायला लागली."

"मघापासनं... तुम्हीच बोलत होता का?"

अर्धा सेकंद गेला.

"नाही हो. आत्ताच तर जोडले गेलो."

त्यानं नट आवळले आन् सरळ कारेगाव गाठलं. उजाडत होतं. माऊलीची बायको राजश्री दारात पाणी भरत होती. बिरदेवनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. लग्नाचं, तापाचं, खोट्याचं. ती ओरडली न्हाई. कळशी खाली ठेवली. म्हणाली, "मी सहा महिने त्यांनाच बोल लावत होते, भाऊजी. नको म्हणताना गेले म्हणून." आन् दार लावून घेतलं. ते दार त्याला अजून उघडलं न्हाई.

नऊ वाजता चांगदेवआप्पांचा फोन आला. दिवसाउजेडी धीर करून ते जिना चढले होते.

"बिरदेवा, काल वर दुसरं कोण होतं?"

"कुणी न्हाई, आप्पा. का?"

आप्पा म्हणाले, छत्रीच्या कडेवर ओल्या मातीचे दोन पंजे उठलेत. दहाच्या दहा बोटं. कुणीतरी घट्ट धरून ठेवावी तसे.

पण आतल्या अंगाला न्हाई. बाहेरच्या. जिथं स्लॅब संपतो... आन् खाली वीस फूट नुसतं मोकळं हाय.