दुधानं विझवलेली गाडी

"दूध कुठं करपायलंय?" मी मान वर न करताच विचारलं.

"दूध न्हाई... गाडी हाय," बाहेरून आवाज आला.

वर पाहिलं. एक उंच पोरगा अर्धी जळालेली मोटारसायकल ढकलत आमच्या दुकानासमोर आला होता. माघातली गार सकाळ, तरी कपाळावर घाम. एका भुवईची कड जळलेली. वाईट वाटायच्या आधी मला हसूच आलं. माझा स्वभावच मेला तसा!

देवगाव फाट्यावर गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आमचं, म्हणजे माझ्या वडलांचं, आबांचं. बोर्डावर नाव व्यंकटरावांचं, आत काम करते त्यांची लेक, मी, बबिता. परभणीच्या आयटीआयमधून शिकून आले, तरी गिऱ्हाईक विचारणार, "आबा न्हाईत का?" आबांचे डोळे अधू झालेत, ते खुर्चीत बसून नुसतं ऐकतात. दुकानात ती एकच खुर्ची. गिऱ्हाईकासाठी साधं स्टूलही नाही. बसलं की माणूस पोरीच्या कामात चुका काढतो, असं आबा म्हणतात.

"ही गाडी तू एकटीनं कर," आबा त्या दिवशी म्हणाले. "सगळा फाटा बघायलाय."

पोराचं नाव महारुद्र. डेअरीला दूध घालायचा. वाटेत फ्यूज उडाला, तर या पठ्ठ्यानं त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून बसवला. वायर तापली, सीटखालून जाळ निघाला. जवळ पाणी नाही, म्हणून यानं कॅनमधलं सगळं दूध गाडीवर ओतलं!

"आधी बॅटरीची वायर काढायची असती. दूध कशाला ओतलं?"

"घाबरलो ना... तुमी असता तर विचारलं असतं."

"मी काय तुमच्या मागच्या सीटवर बसलेली असते का?"

त्याचे कान लाल झाले. मग माझेही झाले.

"रविवारपर्यंत व्हईल का?" जरा वेळानं त्यानं विचारलं. "मामानं पाथरीला पोरगी बघायला बोलावलंय."

"व्हईल," मी म्हणाले. आणि का कोण जाणे, हातातला पाना जरा जोरातच आपटला.

नवी वायरिंग टाकली, तरी गाडी नाटकं करायला लागली. हॉर्न दाबला की इंडिकेटर लागायचा, ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा! समोरच्या हॉटेलातून धुरपताबाई ओरडायची, "बबे, वाजवून झालं असंल तर च्या पी!" महारुद्र रोज चालत यायचा आणि उन्हात उभा राहायचा. एकदा रुमालात हुरड्याची भाजलेली कणसं घेऊन आला. माझे हात ग्रीसनं काळे, म्हणून त्यानंच कणसं चोळली, फुंकर मारली आणि दाणे माझ्यापुढं ठेवले.

"एवढं उभं राहून पाय न्हाई दुखत?"

"दुखायलेत की."

"मग घरी जावा."

"कसा जाऊ? गाडी न्हाई," तो तोंड अगदी गरीब करून म्हणाला. दोन कोस चालत येणारा माणूस!

तिसऱ्या दिवशी हँडलच्या स्विचमध्ये मुंग्यांची रांग शिरताना दिसली आणि मी टाळीच वाजवली. दूध! आत शिरून आंबलं होतं, त्या चिकट थरातून करंट भलतीकडंच जात होता. स्विच उघडून पेट्रोलनं धुतला, उन्हात वाळवला.

परत जोडताना मनात आलं... एक वायर ढिली ठेवली तर? रविवार चुकेल. लय वाटलं हो तसं. पण हात धजला नाही. वायर घट्ट बसवली, हॉर्न दाबला आणि फक्त हॉर्नच वाजला. आबा खुर्चीतून "हां!" म्हणाले. एवढं कौतुक ते वर्षातून एकदा करतात.

"फ्यूज जळाला तर जळू द्यायचा, नवा बसवायचा," मी महारुद्रला बजावलं. "चंदेरी कागद परत दिसला तर या दुकानात पाय ठेवायचा न्हाई."

"आणि न्हाई दिसला तर?"

"तर... पाथरीला जावा."

रविवारी तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून फाट्यावरून गेला. हॉर्न वाजवला. मी पाहिलं नाही. खोटं कशाला बोलू, पाहिलं. पार वळणाआड जाईपर्यंत पाहिलं आणि मला रडायला आलं.

तासाभरानं हॉटेलात कुजबुज सुरू झाली. महारुद्र गाडी ढकलत परत येत होता.

"पोरीनं केलेलं काम," कुणीतरी मुद्दाम मोठ्यानं म्हणालं. "एक दिवस न्हाई टिकलं."

आबांची मान खाली गेली. मी धावत जाऊन गाडी उघडली. फ्यूजची जागा रिकामी! जळालेला नाही, तुटलेला नाही, फ्यूज नव्हताच. महारुद्रनं हळूच मूठ उघडली. फ्यूज त्याच्या तळहातावर होता.

"मीच काढला," तो पुटपुटला. "मामाला सकाळीच कळवलं, येत न्हाई म्हणून. पण गाडी चालू असती तर... तुमच्याकडं काय म्हणून आलो असतो?"

गोड वाटायला पाहिजे होतं. वाटलंही. पण डोकं त्याच्या आधी फिरलं.

"तुमचं प्रेम राहू द्या बाजूला! अख्ख्या फाट्यातून ढकलत आणलीत गाडी. माझं नाव मातीत घातलंत!"

त्याचा चेहरा उतरला. मग रस्त्याच्या मधोमध गेला आणि त्यानं मोठ्यानं हाक दिली, "ऐका हो सगळे! गाडीला काई झालं न्हाई! बबितानं एक नंबर काम केलंय. फ्यूज मीच काढलाय!"

धुरपताबाई किटली घेऊनच बाहेर आली. "का रं बाबा?"

"पाथरीला जायचं नव्हतं!"

"मग कुठं जायचंय?"

तो माझ्याकडं वळला. आवाज एकदम बारीक झाला. "इथंच... तिची मर्जी असंल तर."

सगळं हॉटेल हसलं. मी फ्यूज घेतला. बसवताना एकदा निसटला. किक मारली आणि पहिल्याच किकला गाडी चालू झाली, सगळ्या फाट्यासमोर.

"जायचं असंल तर जावा. गाडी तयार हाय."

"आणि थांबायचं असंल तर?"

"तर... थांबा की. मी कुठं न्हाई म्हणायलेय?"

मागं काहीतरी सरकल्याचा आवाज आला. आबा उठले होते. चाचपडत त्यांनी आपली खुर्ची दारापर्यंत ओढत आणली आणि खांद्यावरच्या टॉवेलनं पुसली.

"बसा, पाव्हणं," आबा म्हणाले.