चादरीवरची मोकळी जागा

तेलीबांध्याच्या तलावाकडे उघडणाऱ्या बाल्कनीत पूर्णिमा रोज दिवेलागणीला पांढरी चादर टांगी, तिच्यासमोर चार हातांवर दिवा ठेवी आणि दिव्यामागे वही घेऊन बसे. उजेडाला येऊन चादरीवर बसणारे किडे वहीत नोंदवायचे, हा छंद तिच्या नवऱ्याचा, सुशीलचा. बारा वर्षांपूर्वी तो खारून नदीच्या काठी किडे टिपायला गेला, तो परतलाच नाही. वही तिनं चालू ठेवली. पतंग, तुडतुडे, आणि त्याचे लाडके कॅडिसफ्लाय: पाण्याखाली वाळूकणांचं घर बांधून वाढणारे, पंख छपरासारखे मिटून बसणारे, राखेच्या रंगाचे.

"काहून वाट पाहून राहिली, पोरी?" सासूबाई दारातून म्हणाल्या. "बारा वर्सं झाली. सोमवारी त्याच्या नावानं पळसाच्या पानांचा पुतळा करू, अग्नी देऊ. त्यालेही सुटू दे, तुलेही."

"अजून थोडं थांबा, आई."

"थांबलोच तं आहो. येतात ते तुझे किडेच."

कारण तिनं सांगितलं नाही. आठवडाभर किडे चादरीच्या मधोमध एक जागा सोडून बसत होते. डोकं, मान, खांदे. सावली पडत नव्हती, तरी सावलीएवढी जागा रिकामी राहत होती, आणि रोज वाढत होती. पूर्णिमा शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. वस्तू दिव्याजवळ सरकली की सावली मोठी होते, हे तिनं कित्येक वर्गांना फळ्यावर काढून दाखवलं होतं. कुणीतरी चादरीकडून तिच्याकडे येत होतं.

नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं. ती रोज हळूच म्हणे, "अहो, या ना."

रविवारी संध्याकाळी ती चादरीसमोर बसली असताना धाकट्या दिराचा, निरंजनचा फोन आला.

"वहिनी, दादा सापडला. जिता आहे. बिलासपूरच्या एका आश्रमात होता, सारं विसरला होता. मी त्याच्या बाजूलेच बसून आहो. घ्या, बोला."

पलीकडे खोकला आला. तोच, मधेच तुटणारा. मग, "पूर्णी?"

तिला हुंदका फुटला. "अहो," ती म्हणाली, "या ना लवकर."

आणि मग तिनं मान वर केली.

चादर कोरी होती. वरपासून खालपर्यंत एकही किडा नव्हता.

तिनं खाली पाहिलं. ते सगळे तिच्या अंगावर बसले होते. पदरावर, मांडीवर, दोन्ही हातांवर, पंख मिटून, निश्चल.

डाव्या मनगटाभोवती तेवढी चार बोटांची आणि एका अंगठ्याची जागा त्यांनी मोकळी सोडली होती.