खुर्ची विणायला दोन माणसं

बाबा खुर्चीत बसले आणि आरपार गेले.

शिसवी खुर्ची, आजोबांच्या काळातली, बैठक वेताची. तो वेत कधीचा सुकून कडकडीत झाला होता, पण सांगणार कोणाला? गुडघे हनुवटीला टेकलेले, हातात चहाचा कप तसाच, आणि वर बाबांचा हुकूम की आधी कप धर. लेकीने कप धरला, मग बाबांना ओढलं. बाबा हलेनात. शेवटी दार उघडून ती जिन्यात ओरडली, "कुणी आहे का?"

होता. दोन्ही खांद्यांवर एकेक खुर्ची अडकवून एक उंच माणूस वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे निघाला होता. तो आत आला, वाकला, आणि बाबांकडे न बघता खुर्चीच्या पायावरून हात फिरवत म्हणाला, "काय लाकूड आहे हो..."

"अहो, आधी माणूस काढा," ती म्हणाली.

माणूस निघाला. पण त्या दिवसापासून तिचं डोकं जे अडकलं, ते काही निघेना.

तो वेत विणायचा, म्हणून घरात त्याचं नाव वेतवाला पडलं. जुनं पॉलिश खरवडू नका, नुसतं पुसून घ्या, असं त्याने बजावलं. मेण कसं चोळायचं ते दाखवलं. खुर्ची उन्हात ठेवायची नाही आणि महिन्यातून एकदा बैठक खालून ओल्या फडक्याने पुसायची, हेही सांगितलं. आणि विणायला दोन माणसं लागतात म्हणाला. एक वर, एक खाली. बाबांची कंबर धरलेली, म्हणजे वरचं माणूस तीच.

रोज संध्याकाळी ऑफिसातून आली की ती खुर्चीपुढे बुटक्या स्टुलावर बसायची. तो चटईवर उताणा, डोकं खुर्चीखाली. भिजवलेली वेताची पट्टी ती भोकातून खाली सोडायची, तो ती ओढून पुढच्या भोकातून वर द्यायचा. कधी बोटाला बोट लागायचं. तो "सॉरी" म्हणायचा, ती "काही नाही" म्हणायची, आणि मग दोघांनाही पुढचं भोक सापडायचं नाही.

पहिल्या दिवशी त्याचा सगळा चेहरा दिसत होता. उभ्या पट्ट्या झाल्या, आडव्या झाल्या, तसा तो चौकोनांत वाटला गेला — इथे भुवई, तिथे हनुवटीवरचा व्रण. तिरप्या सुरू झाल्यावर तर नुसता आवाज उरला. आणि नेमका तेव्हाच तो चेहरा तिला डोळे मिटूनही दिसायला लागला. हे काय चाललंय आपलं? ती नकाशे काढणारी बाई, एका मिलिमीटरची चूक न करणारी. आणि इथे रोज दोन-तीन पट्ट्या उलट्या जायच्या, खालून आवाज यायचा, "चुकली. काढा."

खरा घोळ वेगळाच होता. पाच तासांवरच्या शहरात, मोठ्या ऑफिसात तिला नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. तिने ते त्याला अगदी सहज बोलल्यासारखं सांगितलं. खालून लगेच उत्तर आलं, "छान. पट्टी सोडा." झालं! ती दोन दिवस घुश्शात. याला काही वाटत असेल तर हा बोलत का नाही? आणि वाटत नसेल, तर आपल्याला एवढं का लागलं? की तो आवडतच नाही, नुसतं विणकाम आवडतंय? बाबांना विचारावं तर ते म्हणाले असते, आधी खुर्ची होऊ दे.

शनिवारी सकाळी काकूंचं कुरिअर चुकून खाली आलं, ते द्यायला ती वर गेली. दार उघडंच होतं. आत वेतवाला खिडकीशी बसून काकूंची शेवटची खुर्ची विणत होता. एकटा. पट्टी भोकात घालायची, लाकडाची बारीक खुंटी ठोकून पक्की करायची, की लगेच पुढची. हात सपासप चालत होते. काकू कौतुकाने म्हणाल्या, कालच सुरू केली, दुपारपर्यंत होईल बघ. याला या कामात कधी दुसरा हात लागत नाही.

दीड दिवस! आणि आपली खुर्ची अकरा दिवस चाललीय. ती कुरिअर हातात घेऊनच खाली परत आली.

संध्याकाळी तो नेहमीसारखा खुर्चीखाली सरकला. तिने पट्टी सोडली नाही.

"दोन माणसं लागतात म्हणालात ना?"

खाली त्याने लाकडावर टकटक केलं, पट्टी सोडा म्हणून.

"सकाळी काकूंकडे पाहिलं मी. आणि माझ्या पट्ट्या... त्या खरंच चुकत होत्या?"

"एकही नाही," खालून आवाज आला. "तुमचा हात फार नीट आहे. मीच... खुर्ची लवकर झाली असती हो."

"मग सोमवारचं सांगितलं तेव्हा छान कशाला म्हणालात?"

"छानच आहे ते. थांबा म्हणणारा मी कोण? तुम्हाला अडवायचं नव्हतं, आणि तुम्ही जाऊ नये असंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटलं की मी पट्टी काढायला सांगायचो." तो जरा खाकरला. "पाच तासच आहेत. रविवारी मी येऊ शकतो. यावं की नाही, ते मात्र तुम्ही सांगा."

आता आली का पंचाईत! इतके दिवस जे ऐकायचं होतं ते कानावर आलं, आणि हिची बोबडी वळली. बरं, सांगायचं कुणाला, या वेताला?

"आधी बाहेर या," ती म्हणाली.

तो बाहेर आला. केसांत वेताचा भुसा, कान लाल. उठून बसला आणि शिक्षा ऐकायला आल्यासारखा समोर बघत राहिला. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"या," ती म्हणाली. "म्हणजे मला वाटतं, मला तुम्ही आवडता... म्हणजे — वाटतं काय? आवडताच."