मेलेलं चाक

मध्यंतरानंतरचा एकही फोटो धड नव्हता. संगणकावर नुसता पांढरा उजेड, त्यात कुठे एखादा हात, कुठे दोन डोळे. धाकटी स्टुडिओत डोकं धरून बसली होती. मागे उभ्या असलेल्या थोरलीला, खरं सांगायचं तर, पहिल्या क्षणी बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

काल नृत्यनाट्याचा पहिला प्रयोग होता. फोटो पसंत पडले तर नाट्यगृहाचं वर्षभराचं काम धाकटीला मिळणार होतं. ते थोरलीलाही हवं होतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

“उजेड कमी-जास्त करायचं ते कॉम्पेन्सेशनचं चाक अधिक तीनवर आहे,” धाकटी म्हणाली. “मध्यंतरात कॅमेरा मेकअपच्या खोलीत होता. लेन्स पुसायला तू घेतला होतास.”

“तू तर एमवर काढतेस. मॅन्युअलमध्ये त्या चाकाने काय होणार?”

“एरवी काहीच नाही. पण काल दिवे सारखे बदलत होते, म्हणून पडदा उघडायच्या आधी आयएसओ ऑटोवर टाकला; उजेडाप्रमाणे तो कॅमेराच बदलेल. आयुष्यात पहिल्यांदा. कुणाला बोललेसुद्धा नाही. प्रेक्षकांच्या डोळ्यांवर उजेड नको म्हणून मागची स्क्रीनही बंद, फोटो बिघडतायत ते दिसलंच नाही.” तिचा आवाज चिरकला. “ताई, माझं चांगलं झालेलं तुला कधी बघवतच नाही!”

थोरलीच्या ते जिव्हारी लागलं, कारण त्यातलं निम्मं खरं होतं. उरलेल्या निम्म्यासाठी मात्र ती बोल लावून घेणार नव्हती.

तिने आधी धाकटीच्या नवऱ्याला गाठलं. प्रयोगात बॅग त्याच्याकडे असायची.

“जावईबापू, कॅमेऱ्याला हात लावला होतात?”

“मला झाकण काढता येत नाही धड, चाकं कुठली फिरवू?”

“मध्यंतरात मेकअपच्या खोलीतून हलला होतात?”

“चहाला गेलो होतो. पण मास्तर बसले होते ना. हिची पाठ थोपटायला आले होते.”

मास्तरांनीच दोघी बहिणींना फोटो काढायला शिकवलं होतं. त्यांच्या स्टुडिओच्या भिंतीवर जुनी बक्षिसं होती आणि खाली रिकाम्या खुर्च्या.

“फोटो बिघडलेत, मास्तर. कुणीतरी चाक फिरवलं.”

“एमवर ते चाक मेलेलं असतं. जन्मभर हेच शिकवलं ना तुम्हाला?”

“मग बिघडले कसे?”

“तिच्याच चुकीने! आयएसओ ऑटोवर सोडून नाच टिपतात का? हवेत गेली आहे पोरगी.”

थोरलीने मान डोलावली आणि निघाली. थोड्या वेळाने धाकटीला ओढतच घेऊन परत आली.

“मास्तर, तुमचा धडा अर्धाच होता,” ती म्हणाली. “एमवर शटर आपलं, ॲपर्चर आपलं. आयएसओही आपणच ठरवला, तर चाकाला हलवायला काही उरतच नाही. ते मेलेलं. पण आयएसओ ऑटोवर असला की चाक त्यालाच वर ओढतं. मध्यंतरानंतरच्या फोटोंत तेच झालंय. शटर तेच, ॲपर्चर तेच, आयएसओ मात्र आभाळाला.”

“मग? हे कुणालाही ठाऊक असेल.”

“असेल. पण काल ऑटो होता, हे कुणाला ठाऊक? हिने पडदा उघडायच्या आधी ठेवला आणि कुणालाही सांगितलं नाही. मलाही आज सकाळी कळलं. तुम्हाला कसं कळलं?”

मास्तरांनी नजर भिंतीवरच्या बक्षिसांकडे वळवली. धाकटी त्यांच्याकडे बघतच राहिली.

“कॅमेरा हातात घेतल्याशिवाय ते दिसत नाही,” थोरली म्हणाली. “तुम्ही बघितलंत, आणि चाक जिवंत झालंय हे तुमच्या लगेच लक्षात आलं.”

“त्या नाट्यगृहाचं काम माझं होतं,” मास्तर शेवटी म्हणाले. “माझीच विद्या घेऊन ही माझ्या जागेवर बसणार. आणि तू गं? तुझ्या डोळ्यांदेखत पुढे गेली ही. तुझा जळफळाट नाही झाला?”

“झाला. अजून होतोय. म्हणून तर तुमचा ओळखायला वेळ लागला नाही. आता नाट्यगृहाला फोन लावा आणि खरं काय ते सांगा. आमच्यासमोर.”

त्यांनी फोन लावला. पुढच्या प्रयोगाला धाकटीनेच यायचं ठरलं.

जिना उतरताना धाकटी थबकली. “ताई, खरंच माझ्यावर जळतेस?”

“हो.”

“मग सकाळी तसं सांगायचंस की.”

“तू विचारलंस कुठे?” थोरली म्हणाली. “तू तर थेट निकालच दिलास.”