छापा, काटा आणि कड

छापा

सायकलींना हवा भरून झाली होती. बंगावान नदीवर जायचं कालपासून ठरलं होतं. तेवढ्यात वुलानला दिसलं, की पाकदे हर्सोयो, म्हणजे तिच्या आईचे थोरले भाऊ, आजोबांचा नाण्यांचा अल्बम पिशवीत घालताहेत.

नदी राहिली तिथेच.

आजोबा गेले त्याला दोन वर्षं झाली होती. अल्बमचं प्रत्येक पान त्यांनी वुलानला मांडीवर बसवून दाखवलेलं. पाकदे तो बाजारात जुनी नाणी विकणाऱ्या पाक विर्योंना, म्हणजे विर्योकाकांना, देणार होते, एका बेंगोलच्या बदल्यात! बेंगोल म्हणजे डचांच्या वेळचं जाडजूड तांब्याचं नाणं.

पाकदेंनी ते चाचणीसाठी घरी आणलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की बेंगोलच्या कडेवर बारीक खाचा असतात, याची कड मात्र गुळगुळीत. वापरून झिजलं म्हणावं, तर आधी छापा-काटा झिजायला हवा. तो तर लख्ख. म्हणजे टांकसाळच चुकली. असं नाणं शोधून सापडत नाही.

"दुपारपर्यंत बघा हवं तर," ते मुलांना म्हणाले आणि आंघोळीला गेले.

काटा

शेजारच्या तारीने पाकदेंचं दुसरं बेंगोल त्या गुळगुळीत नाण्यावर ठेवलं. एका बाजूला वरचं नाणं चंद्रकोरीएवढं बाहेर डोकावलं. वुलानच्या धाकट्या भावाने, गिलांगने, गुळगुळीत नाणं फरशीवर घरंगळत सोडलं. ते लंगडत गेलं आणि पडलं. वुलानने कडेवरून नख फिरवलं. गुळगुळीत, गुळगुळीत... आणि अंगठ्याएवढ्या जागेत चक्क खाचा.

"टांकसाळ चुकली असती, तर सगळीकडे सारखीच चुकली असती," ती म्हणाली.

"मग नुसती कडच कुणी खाल्ली? उंदराने?" तारीने विचारलं.

गिलांगला उत्तरादाखल शिंक आली. मग दुसरी. आई आतून ओरडली, की काल ओल्या अंगाने हिंडलास, वारा शिरला अंगात, चल पालथा पड. जावामध्ये त्यावर औषध एकच: पाठीला कायुपुतीचं उग्र वासाचं तेल लावायचं आणि नाण्याने लाल वळ उठेपर्यंत घासायचं. गिलांग बोंबलत होता. वुलान बघत होती. आईच्या हातातलं नाणं साधं, रोजचं. पण ते चिमटीत धरलेलं, आणि पुढची कड सर्रकन पाठीवरून खाली.

"आई, थांब. हात तस्साच ठेव."

गिलांगला वाटलं, सुटलो.

तोवर पाकदे नाणं आणि पिशवी घेऊन गेलेसुद्धा.

कड

तिघं सायकलींवरून धापा टाकत बाजारात पोचली, तेव्हा चहा निम्मा संपला होता आणि अल्बम पाक विर्योंच्या मांडीवर होता. मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालू नये, हे वुलानला माहीत होतं. तिने आधी वाकून माफी मागितली, मगच तोंड घातलं.

"पाक विर्यो, तुमच्या अंगात वारा शिरला, की काकू नाणं कसं धरतात? तसं हे धरून दाखवता?"

म्हाताऱ्याने हसत बेंगोल चिमटीत घेतलं, जरा फिरवलं. बोटं खाचांवर अचूक बसली. हसू थांबलं. त्यांनी नाणं नाकाशी नेलं.

"कायुपुतीचं तेल," ते हळूच म्हणाले. "हर्सोयो, हे कुणाच्या तरी पाठीवर झिजलंय रे. मलाही कळलं नाही."

तेवढ्यात गिलांगने कुणी न सांगता शर्ट वर केला. पाठीवर माशाच्या काट्यासारखे लाल वळ. आजूबाजूचे दुकानदार जमले. पाकदेंनी स्वतःची पाठ आयुष्यभर अशीच घासून घेतली होती. ते कानापर्यंत लाल झाले.

"पाठ दाखवून लढाई जिंकणारा वीर पहिल्यांदाच बघतोय," पाक विर्यो म्हणाले. मग वुलानकडे वळले. "आणि मुली, चाळीस वर्षं नाणी बघतोय मी. धरणारा हात बघायचं सुचलं नव्हतं."

त्यांनी अल्बम उचलून पुढे केला. पाकदेंनी हात लांब केला, मग मागे घेतला.

"वुलानकडे द्या," ते म्हणाले. "माझ्याकडे राहिला, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा इथेच येईल."