निळ्या गाडीचा अर्थ

आबांची निळी गाडी दुपारी पोपटासारखी बोलायची आणि संध्याकाळी पठारावर पोचली की मध्येच मुकी व्हायची. असे का, हे कोडे अकरा वर्षांच्या शाल्मलीला महिनाभर छळत होते.

आणि ते नुसते कोडे नव्हते. तिची आई चंद्रावर होती. तिथल्या केंद्रात चांद्रधुळीत रोपे रुजवायचे काम करत होती. दर पौर्णिमेला तिला घरच्यांसाठी सहा मिनिटे बोलता येई, तेही साध्या रेडिओलहरींवर. या लहरी सरळ धावतात, डोंगर आडवा आला की अडतात. शाल्मलीचे गाव होते खोल दरीत. म्हणून चंद्र उगवायच्या सुमारास ती आणि आबा, म्हणजे आईचे वडील, गाडीने पठारावर जात आणि गाडीतल्या स्टिरिओवर आईला ऐकत. ऐकलेले पुन्हा ऐकायची सोय नव्हती, आणि इकडून काही विचारायचीही नव्हती.

मागच्या पौर्णिमेला आई म्हणाली होती, "शाल्मू, चैत्रात मी घरी येणार..." आणि आवाज गेला. परत आला तो एकच शब्द घेऊन. "...नाही." मग पुन्हा सगळे शांत.

येणार नाही! तो शब्द उशाशी घेऊन शाल्मली महिनाभर झोपत होती. स्वप्नात आई चंद्राच्या काठावर पाय सोडून बसलेली दिसे. तिचे ओठ हलत, पण आवाज येत नसे.

आज पौषातली पौर्णिमा. भर दुपारी टिपण गाडीखालून बाहेर आला. टिपण हा घरचा यंत्रमानव. सगळ्याचे टिपण ठेवतो म्हणून त्याचे नाव टिपण.

"अकरावी तपासणी," तो म्हणाला. "वेळ बारा. आवाज ठणठणीत. दोष नाही."

"दोष आहे रे, ठोंब्या! तू नेहमी दुपारीच का बघतोस?"

"दुपारी मला नीट दिसते."

आबा हळूच हसले. चाळीस वर्षे त्यांनी ध्वनीचा अभ्यास केला होता, तरी बोलायला लागले की आधी खाकरत.

"मला वाटतं... म्हणजे चुकतही असेन मी. पण हा दोष लपंडाव खेळतोय. आपण शोधायला गेलो की लपतो. त्याला धरायचं तर तो जिथं बाहेर येतो ती परिस्थिती इथंच तयार करायला हवी. पठारावर असं काय असतं, जे या अंगणात नाही?"

"चंद्र," टिपण म्हणाला.

शाल्मलीने डोळे मिटले. खड्डे? छे, गाडी तर उभी होती. वारा... आबांची शाल... "थंडी! आबा, मागच्या वेळी मी तुमच्या शालीत शिरले होते!"

"बरोबर. थंडीने धातूचं आकुंचन होतं (म्हणजे तो किंचित आक्रसतो). अगदी केसाहून कमी. पण सैल जोडाला तेवढी फट पुरते."

"मग गाडी फ्रिजमध्ये ठेवू या."

टिपणने गाडी मापली. "मावणार नाही," तो गंभीरपणे म्हणाला.

शेवटी बर्फच गाडीकडे आला. आबांनी तो पिशवीत घट्ट बांधला, पाणी ठिबकू नये म्हणून. "एका वेळी एकाच जागी लाव. दोन ठिकाणी लावलास तर चोर कोण ते कळणार नाही."

स्टिरिओवर गावातल्याच रेडिओकेंद्राच्या शेतीच्या बातम्या चालू होत्या. शाल्मलीने पिशवी स्पीकरवर धरली. बातम्या चालूच. स्टिरिओच्या पाठीला लावली. चालूच. मग स्टिरिओखालच्या पत्र्यावर एक बोल्ट होता, त्याला काळी तार जोडलेली होती. तिथे तिने पिशवी टेकवली. "वांग्यावरची कीड आढळल्यास ताबडतोब..."

शांतता.

"सापडला!" शाल्मली ओरडली. "पण आबा, स्टिरिओचा दिवा तर लागलाय."

"बघ, किती मिणमिणता झालाय. त्याला थेंबभर वीज पुरते. आवाजाला ओंजळभर लागते. वीज बॅटरीतून निघते, काम करते आणि बॅटरीकडे परत जाते. या पूर्ण फेरीला परिपथ म्हणतात (विजेची जायची आणि यायची वाट). परतीची वाट म्हणजे गाडीचं लोखंडी अंग. ही काळी तार स्टिरिओला त्या अंगाशी जोडते. हेच अर्थिंग."

"अर्थ?"

"अर्थिंग गं. इंग्रजी शब्द आहे, 'अर्थ' म्हणजे पृथ्वी, त्यावरून आलेला. पण तूही चुकली नाहीस. हे सुटलं की बोलण्यातला अर्थच जातो."

टिपणने बोल्ट काढला. शाल्मली वाकून बघू लागली. "आबा, इथं आतसुद्धा निळा रंग?"

आबांचा चेहरा उतरला. आईला तिकडून पृथ्वी निळी दिसते, म्हणून दसऱ्याच्या पूजेआधी त्यांनी गाडी स्वतःच्या हाताने निळी रंगवली होती. गंज लागू नये म्हणून एकेक बोल्ट काढून खालीही रंग दिला होता.

"रंगातून वीज जात नाही," ते पुटपुटले. "कोजागरीला ऊब होती, कसंबसं भागलं. चोर मीच की गं. एवढं शिकून..."

"चोर कसले? तुम्ही फार माया लावलीत, इतकंच. आणा तो पॉलिश पेपर."

तिने रंग खरवडला. खालून लखलखीत पत्रा वर आला, ढगातून चंद्र यावा तसा. टिपणने तार बसवून बोल्ट आवळला. तिने पुन्हा बर्फ टेकवला. वांग्यावरची कीड बोलतच राहिली.

संध्याकाळी पठारावर गवत गारठून गेले होते. चंद्र वर आला, मोठा, हळदीच्या रंगाचा. शाल्मलीने आबांचा हात घट्ट धरला. स्टिरिओ खरखरला.

"शाल्मू, आबा, ऐकताय ना? मागच्या वेळी सांगितलं होतं ना, चैत्रात मी घरी येणार, तुम्हाला पाहिल्याशिवाय आता राहवत नाही..."

एकही शब्द तुटला नाही. शाल्मली हसत होती आणि आबांच्या शालीला डोळेही पुसत होती. आई मग रोपांविषयी सांगत राहिली. मेथीला दोन पाने फुटली होती, तिथल्या चांद्रधुळीतली पहिली.

सहा मिनिटे संपली. टिपणने विचारले, "काय नोंदवू?"

शाल्मलीने थोडा विचार केला. "लिही, वाक्य तुटलं तर लगेच अर्थ लावू नये. आधी जोड तपासावा."

गाडी घाट उतरू लागली. चंद्र झाडांमागून त्यांच्याबरोबर निघाला. शाल्मली बोटांवर मोजत होती, माघ, फाल्गुन, चैत्र. तिसरे बोट तिने मिटलेच नाही. चंद्राकडे करून तसेच उभे धरून ठेवले.