श्वासावरचा पहारा

रक्ताचा तोच थेंब शलाकाने तिसऱ्यांदा यंत्रावर ठेवला. दारूची ओढ दाखवणारी पडद्यावरची तृष्णारेखा तिसऱ्यांदाही वरच चढली.

"यंत्र बिघडलंय, सर."

"यंत्राला कशाला बोल लावतेस?" डॉ. खानविलकर चष्मा पुसत म्हणाले. "थेंब कुणाचा?"

"निषादचा."

निषाद तिचा धाकटा भाऊ, वय चोवीस. बाप तिशीतच दारूपायी गेला आणि त्याचं ते तहानेचं जनुक लेकाच्या रक्तात उतरलं. पण लग्न झाल्यापासून ते निजलं होतं, मांडीवर थोपटलेलं पोर निजावं तसं. जिवाच्या माणसाच्या सहवासात देहावर स्नेहावरण चढतं आणि हे जनुक मुकं होतं, हा शोध शलाका आणि खानविलकरांचाच.

"मग आवरण विरलं कसं?" शलाका पुटपुटली.

"तुला ठाऊक आहे. आपणच याचं औषध आहोत, हे जोडीदाराला कळलं की मायेचा पहारा होतो. पहाऱ्याखाली आवरण टिकत नाही, आणि एकदा विरलं की पुन्हा धरत नाही. चाळीस जोडपी पाहिली आपण, एकही सावरलं नाही. म्हणून तर शोध कुलुपात ठेवलाय. देवयानीला काही बोललीस?"

"वेडी आहे का मी?"

दार वाजलं. सातव्या महिन्याचं पोट सावरत निषादची बायको, देवयानीच आत आली.

"ताई, बाळंतपणाला माहेरी बोलावतायत. जाऊ ना? मी नसले तर निषाद पिईल का?"

शलाकाने हातातली काचपट्टी खाली ठेवली. "असं कोण म्हणालं तुला?"

"आई. डोहाळजेवणात ओटी भरताना रडल्या. म्हणाल्या, तू आहेस म्हणून माझं लेकरू वाचलं गं, शलाकाच्या यंत्रात दिसलंय तसं." ती ओशाळं हसली. "तेव्हापासून तो दारात आला की मी आधी त्याचा श्वास हुंगते, मग हसते. त्याला कळत नसेल ना?"

चहा गाळता गाळता आईला ते शलाकानेच सांगितलं होतं. जन्मभर दारूच्या वासाने झुरलेल्या त्या बाईला तेवढाच दिलासा, म्हणून. एक वाक्य, फक्त एक.

आता खरं सांगितलं काय नि खोटं सांगितलं काय.

"नाही पिणार तो," शलाका म्हणाली. "जा तू खुशाल."

देवयानी तिच्याकडे बघत राहिली. "डोळे चुकवलेत, ताई. मग नाहीच जात मी."

खानविलकरांनी हळूच पडदा विझवला.

"निघते," देवयानी पदर खोचत म्हणाली. "तो यायच्या आत दारात असायला हवं मला."